जहाजाच्या बॉयलरमधलं पाणी कसं तपासायचं: नव्या इंजिनिअरसाठी गेज ग्लासची पद्धत

ज्युनिअर म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढलात की पहिल्या काही दिवसांतच सेकंड इंजिनिअर सांगतो, "जा, बॉयलरचे ग्लास ब्लो करून ये." ग्लास म्हणजे गेज ग्लास, बॉयलरमधलं पाणी किती आहे ते बाहेरून दाखवणारी काच; ब्लो करणं म्हणजे त्यातून वाफ आणि पाणी जोरात सोडून त्याच्या वाटा मोकळ्या आहेत का ते बघणं. कॉलेजात आकृती काढलेली असते, क्रमही पाठ असतो. पण प्रत्यक्षात समोर तीन हँडल, तापलेले पाइप, शेजारी बर्नरचा आवाज, आणि मुळात कुठला कॉक (वाट उघडबंद करणारी तोटी) उघडा आहे आणि कुठला बंद हेच समजत नाही. मुंबईला एमईओ क्लास फोरच्या (ज्युनिअर मरीन इंजिनिअरच्या परवान्याच्या) तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, म्हणून मुलं क्रम घोकतात. पण क्रमामागचं कारण समजलं नसेल तर बॉयलरसमोर उभं राहिल्यावर घोकलेलं आठवत नाही. म्हणून इथे कारणांसकट लिहितोय.

डोळ्यांसमोर ठेवलाय तो मोटर जहाजावरचा साधा ऑक्झिलरी बॉयलर. तेलावर चालणारा, साधारण ७ बार दाबाचा. हेवी फ्युएल ऑइल गरम ठेवायला, प्युरिफायरच्या (तेल साफ करणाऱ्या यंत्राच्या) हीटरला, टाक्यांच्या कॉइलना आणि राहायच्या जागेतल्या गरम पाण्याला लागणारी वाफ तो पुरवतो. टँकरवर कार्गो पंपांच्या टर्बाइनसाठी १६ ते १८ बारचे मोठे बॉयलर भेटतील. तिथे फिटिंग जाड असतात, पण तपासायचं तत्त्व तेच. तुमच्या बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल, तर मात्र मॅन्युअल म्हणेल तसंच करायचं.

आधी हे समजून घ्या: बिघडलेला ग्लास बहुतेक वेळा पाणी जास्त दाखवतो

ग्लासचं वरचं टोक बॉयलरमधल्या वाफेला जोडलेलं असतं, खालचं पाण्याला. दोन्ही वाटा मोकळ्या असल्या तरच ग्लासमधली पातळी खरी.

आता समजा वरची वाट चोंदली. ग्लासमध्ये अडकलेली वाफ निवून तिचं पाणी होतं, तिथला दाब उतरतो, आणि बॉयलरचा दाब खालून पाणी वर ढकलतो. ग्लास भरलेला दिसतो. समजा खालची वाट चोंदली. वरून येणारी वाफ ग्लासमध्ये निवते, तिचं पाणी साचत जातं, पण त्याला बॉयलरमध्ये परतायला वाट नसते. पातळी हळूहळू चढते. वरच्या ग्लँडमधून (काच बसते त्या पॅकिंगच्या जोडातून) वाफ गळत असेल तरी वरचा दाब कमी होऊन पातळी चढलेलीच दिसते. तिन्ही बिघाडांचा निकाल एकच: आत पाणी उतरत चाललंय आणि ग्लास सांगतोय की भरपूर आहे. उलटी चूक होते ती मुख्यतः ग्लासमधलं पाणी खालून सोडणारा ड्रेन कॉक गळत असला तर.

नीट चालणारा ग्लासही खऱ्यापेक्षा किंचित कमी दाखवतो, कारण ग्लासमधलं पाणी बॉयलरमधल्या पाण्यापेक्षा थंड आणि म्हणून जड असतं. ७ बारला हा फरक थोडा असतो आणि तो सुरक्षित बाजूचा असतो. त्याची काळजी करू नका.

काळजी करायची ती हलत नसलेल्या पातळीची. एका बल्क कॅरियरवर आम्ही बंगालच्या उपसागरात होतो आणि जहाज चांगलं डोलत होतं. एका ग्लासमध्ये पाणी वरखाली होत होतं. दुसऱ्यात मात्र रेघ मारल्यासारखं उभं होतं, आणि तेही अगदी मध्यावर, जिथे असायला हवं तिथेच. रत्नागिरीकडचा आमचा मोटारमन (इंजिन रूममधला कामगार) राउंडवरून येऊन म्हणाला, "सर, पुढच्या ग्लासातलं पाणी हलत का नाही?" ब्लो करून पाहिलं तर खालची वाट क्षाराने जवळजवळ बुजलेली होती. ड्रेनमधून नुसती धार गळली, जोर काहीच नव्हता. पातळी बरोबर जागी होती म्हणून त्याआधी कुणालाही शंका आली नव्हती.

लागणाऱ्या वस्तू आणि कागदपत्रं

चेहरा पूर्ण झाकणारी फेस शील्ड घ्या. नुसता चष्मा पुरत नाही. उष्णतेला टिकणारे लांब हातमोजे, बाह्या खाली ओढलेला बॉयलर सूट, सेफ्टी शूज, कानाला मफ. चांगला टॉर्च. कॉकला बसणारी नेमकी चावी किंवा हँडल; पाना लावून कॉक फिरवू नका, प्लगचं (कॉकच्या आतल्या फिरत्या भागाचं) टोक गोल होतं आणि मग तो कॉक कुणालाच फिरवता येत नाही. वॉकीटॉकी.

बॉयलरचं मॅन्युअल, कंपनीच्या सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिममधली चेकलिस्ट आणि रिस्क असेसमेंट, इंजिन रूम लॉग. स्पेअरमध्ये नेमक्या मापाची काच आणि पॅकिंगचा सेट आहे ना, हे काम सुरू करण्याआधीच बघून ठेवा.

१. ड्युटी इंजिनिअरला सांगा आणि दुसरा ग्लास बघा

सोलासचा (जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) नियम आहे की जहाजाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक अशा बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी किमान दोन साधनं हवीत, आणि त्यातलं किमान एक थेट दिसणारा गेज ग्लास हवा. बहुतेक ऑक्झिलरी बॉयलरना दोन ग्लास असतात, शिवाय कंट्रोल रूममध्ये रिमोट इंडिकेटर. एका वेळी एकच ग्लास ब्लो करायचा. दोन्ही एकदम बंद केलेत तर तेवढा वेळ बॉयलरकडे कुणाचीच नजर नसते.

सुरू करण्याआधी दोन्ही ग्लास आणि रिमोट इंडिकेटर काय दाखवतायत ते लिहून घ्या. जहाज एका बाजूला कललेलं असेल तर डावी-उजवीकडच्या ग्लासमध्ये फरक दिसणारच. जहाज सरळ असूनही फरक असेल तर त्याचं कारण शोधायचं आहे, एवढं डोक्यात ठेवा.

२. ग्लास कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

रिफ्लेक्स ग्लासला आतून उभ्या खाचा असतात. त्यामुळे पाण्याचा भाग काळा दिसतो आणि वाफेचा चंदेरी. वाचायला सर्वांत सोपा हाच. गोल नळीचा ग्लास कमी दाबाच्या बॉयलरवर असतो. जास्त दाबाला दोन सपाट काचा असतात आणि आतून अभ्रकाचा पत्रा, कारण बॉयलरचं अल्कलीयुक्त पाणी काच हळूहळू खातं आणि ती पांढरट होते.

नळीच्या ग्लासमध्ये एक मोठा सापळा आहे. तो पूर्ण भरलेला असो की पूर्ण रिकामा, स्वच्छ असेल तर दोन्ही वेळा सारखाच दिसतो. पातळीची रेघच दिसत नसल्याने दोन्हींतला फरक नजरेला कळत नाही. म्हणून मागच्या पाटीवर तिरपे पट्टे रंगवलेले असतात. पाण्यातून पाहिलं की ते उलट्या दिशेला वाकलेले दिसतात, वाफेतून पाहिलं की सरळ. पाटी काजळीने काळी झाली असेल तर फडक्याने पुसा, पट्टे उडाले असतील तर पुन्हा रंगवून घ्या. हे काम किरकोळ समजून पुढे ढकलू नका.

३. हँडलची दिशा वाचायला शिका

घरातल्या नळाला हँडल पाइपच्या रेषेत असलं की नळ उघडा, आडवं असलं की बंद. ती सवय इथे घात करते. गेज ग्लासच्या बऱ्याच कॉकची रचना अशी असते की चालू स्थितीत तिन्ही हँडल सरळ खाली लोंबतात: स्टीम कॉक उघडा, वॉटर कॉक उघडा, ड्रेन कॉक बंद. इंजिनच्या थरथरीने हँडल सैल होऊन खाली घसरलं, तरी ते चालू स्थितीकडेच जावं, हा त्यामागचा हेतू. स्टीम आणि वॉटर कॉकचे पाइप आडवे असतात, त्यामुळे हँडल पाइपला काटकोनात दिसतं आणि नव्या माणसाला वाटतं कॉक बंद आहे.

खात्री करायची खूण कॉकच्या प्लगवर असते. प्लगच्या टोकाला कोरलेली रेघ आतल्या भोकाची दिशा दाखवते. हँडल कुणी काढून चुकीचं बसवलं असेल, पण रेघ फसवत नाही. टॉर्च मारून ती बघा. काही बॉयलरवर कॉकऐवजी चाकाचे व्हॉल्व असतात, तिथे हा गोंधळ नाही.

ग्लास सरळ शेलवर (बॉयलरच्या कवचावर) न बसवता वेगळ्या कॉलमवर (उभ्या पाइपवर) असेल, तर कॉलमच्या दोन्ही पाइपवर शेलपाशी आणखी व्हॉल्व असतात. ते दोन्ही पूर्ण उघडे आहेत ना, हे हात लावून तपासा. कॉलमची वाट बंद असतानाही ग्लासचे कॉक उघडझाप केल्यावर कॉलममधलंच पाणी आणि वाफ येऊन चाचणी बरोबर झाल्यासारखी वाटते.

४. ब्लो करा: वाफ आणि पाणी वेगवेगळं

उभं राहायचं ते ग्लासच्या बाजूला. समोर कधीच नाही. ड्रेनचा पाइप कुठे सोडलाय, तिथे कुणी काम करतंय का, हे बघा. ७ बारला आतलं पाणी सुमारे १७० अंश सेल्सिअस असतं. ते ड्रेनमधून बाहेर येताच त्याचा साधारण आठवा भाग जागच्या जागी वाफ होतो. म्हणून बारीक धारही मोठा ढग उठवते.

क) स्टीम कॉक बंद करा, वॉटर कॉक बंद करा, मग ड्रेन हळू उघडा. ग्लासमधलं पाणी निघून जाईल आणि आवाज थांबेल. थांबला नाही तर दोनांपैकी एक कॉक नीट बंद होत नाही. याची नोंद करा, कारण उद्या काच फुटली तर हेच कॉक बंद करावे लागणार आहेत.

ख) ड्रेन उघडाच ठेवून वॉटर कॉक हळू उघडा. जोरदार, जड, गडगडणारा आवाज यायला हवा. म्हणजे खालची वाट मोकळी. मग वॉटर कॉक बंद करा.

ग) आता स्टीम कॉक हळू उघडा. आवाज बदलतो: कोरडा, तीक्ष्ण, शिट्टीसारखा. म्हणजे वरची वाट मोकळी. स्टीम कॉक बंद करा.

"हळू" हा शब्द वारंवार येतोय त्याला कारण आहे. बऱ्याच ग्लासच्या खालच्या फिटिंगमध्ये एक छोटा गोळा असतो. काच फुटली तर पाण्याच्या जोराने तो उचलला जाऊन वाट बंद करतो. तुम्ही ड्रेन उघडा ठेवून वॉटर कॉक झटक्यात उघडला, तर गोळ्याला काच फुटल्यासारखंच वाटतं आणि तो वाट अडवतो. तुम्ही म्हणता, पाण्याची बाजू चोंदली. अशी शंका आली तर कॉक बंद करा, गोळा खाली बसू द्या, आणि पुन्हा सावकाश उघडा. तरीही जोर नसेल तर वाट खरंच चोंदली आहे. शिवाय गार झालेल्या काचेवर एकदम वाफ सोडली की काच तडकते, ते वेगळंच.

आवाज ओळखायला कान तयार व्हावा लागतो. पहिल्या काही वेळा अनुभवी माणसाला सोबत घ्या आणि प्रत्येक टप्प्याला विचारा, "हा पाण्याचा की वाफेचा?"

५. परत चालू करा: खरी तपासणी इथे आहे

बरेच नवे लोक ब्लो झाला की तिन्ही कॉक पटापट जागेवर आणतात आणि निघतात. अर्धी तपासणी इथेच वाया जाते.

ड्रेन बंद करा. स्टीम कॉक अजून बंदच आहे. आता फक्त वॉटर कॉक उघडा आणि ग्लासकडे बघत राहा. पाणी चढत चढत वरपर्यंत जायला हवं. रिफ्लेक्स ग्लासमध्ये चंदेरी पट्टी खालून काळी होत वर सरकताना स्पष्ट दिसते. पाणी चढलं म्हणजे बॉयलरची पातळी खालच्या जोडापेक्षा वर आहे.

मग स्टीम कॉक उघडा. पाणी खाली उतरून एका जागी थांबायला हवं आणि जहाजाबरोबर किंचित हलायला हवं. ती जागा बॉयलरची खरी पातळी. पाणी उतरलं म्हणजे पातळी वरच्या जोडाच्या खाली आहे.

वॉटर कॉक आधी, स्टीम कॉक नंतर. हा क्रम उलटा केला किंवा दोन्ही एकदम उघडले, तर वरची दोन उत्तरं मिळतच नाहीत.

दुसऱ्या ग्लासशी आणि रिमोट इंडिकेटरशी ताडून बघा, मग दुसऱ्या ग्लासला हात लावा. निघण्याआधी सगळी हँडल पुन्हा एकदा बघा. अर्धवट बंद राहिलेला स्टीम कॉक पुढच्या वॉचला (ड्युटीच्या पाळीला) चुकीची पातळी दाखवत राहतो.

६. पाणी चढलंच नाही तर

वॉटर कॉक उघडला, वाट मोकळी असल्याचं आधीच पाहिलंय, आणि तरी ग्लास रिकामा. म्हणजे बॉयलरची पातळी जोडाच्या खाली गेली आहे. किती खाली, हे बाहेरून सांगता येत नाही. ट्यूब उघड्या पडल्या असतील, लाल झाल्या असतील.

पहिलं काम: बर्नर बंद. दुसरा ग्लास बघायचा तोही बर्नर बंद केल्यावर. लो-लो लेव्हलला, म्हणजे पाणी धोक्याइतकं उतरल्यावर, बर्नर आपोआप ट्रिप (बंद) व्हायला हवा होता. झाला नसेल तर तो वेगळा आणि गंभीर बिघाड आहे.

पाणी भरायला धावू नका. हाताला सगळ्यात आधी तोच मोह होतो. तापून लाल झालेल्या धातूवर पाणी पडलं की एकदम प्रचंड वाफ होते आणि धातूला तडा जातो. फीड (बॉयलरला येणारं पाणी) बंद, मेन स्टीम स्टॉप व्हॉल्व बंद, चीफ इंजिनिअरला तत्काळ फोन. बॉयलर आपोआप निवू द्यायचा. पुन्हा पाणी कधी भरायचं, आत शिरून तपासणी कधी करायची, हा निर्णय चीफचा.

कंपोझिट बॉयलर असेल, म्हणजे त्याच शेलमधून मेन इंजिनचा एक्झॉस्ट जात असेल, तर बर्नर बंद करून उष्णता थांबत नाही. इंजिनचा वेग कमी करण्यासाठी चीफ आणि ब्रिज दोघांनाही कळवावं लागतं. हे नव्या माणसाला सुचत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

७. पाणी उतरलंच नाही तर

स्टीम कॉक उघडूनही ग्लास भरलेलाच राहिला आणि वाफेची वाट मोकळी असल्याचं तुम्ही पाहिलेलं आहे, तर बॉयलर जास्त भरलाय. वाफेबरोबर पाणी लाइनमध्ये जाईल, पाइपमध्ये वॉटर हॅमरचे (वाफेने वेगात ढकललेल्या पाण्याचे) ठोके बसतील, टँकरवर टर्बाइनचं नुकसान होईल. फीड थांबवा, ड्युटी इंजिनिअरला सांगा, आणि ब्लोडाउन करून (बॉयलरमधलंच पाणी बाहेर सोडून) पातळी सावकाश खाली आणा. त्या वेळी एका माणसाची नजर ग्लासवरच हवी, दुसऱ्या कुठल्याही कामात नको.

वाफेची वाट मोकळी आहे याची खात्री नसेल तर ब्लोडाउन करू नका. भरलेला दिसणारा ग्लास खोटा असण्याची शक्यता वर सांगितली आहेच. तशा वेळी पाणी काढून टाकलंत तर बॉयलर कोरडा कराल.

८. पातळी खरी असूनही फसवते ते प्रसंग

वाफेची मागणी अचानक वाढली की दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी थोडा वेळ वर जाते. प्रत्यक्षात पाणी वाढलेलं नसतं. मागणी एकदम कमी झाली की उलटं होतं. अशा वेळी फीड पंपाशी खेळू नका, दोन-चार मिनिटं थांबा.

थंड बॉयलर पेटवताना पाणी नेहमीच्या पातळीच्या थोडं खाली ठेवतात, कारण ३० अंशांवरून १७० अंशांवर जाताना पाणी साधारण ११ टक्के फुगतं. थोडा दाब आल्यावर ग्लास ब्लो करायचा, आणि पूर्ण दाबाला पुन्हा एकदा.

ग्लासमध्ये फेस दिसला किंवा पातळीच्या जागी तपकिरी कडं दिसलं, तर तेलाची शंका घ्या. टाकीतलं हीटिंग कॉइल फुटलं की इंधन कंडेन्सेटमधून (वाफ निवून परतणाऱ्या पाण्यातून) परत येतं. लगेच हॉटवेल आणि ऑब्झर्व्हेशन टँक, म्हणजे हे परतणारं पाणी येतं त्या टाक्या, बघा. ट्यूबवर बसलेला तेलाचा पातळ थरही उष्णता अडवतो आणि पाणी भरपूर असतानाही ट्यूब जळते.

९. किती वेळा, आणि नोंद कशी

जुन्या वाफेच्या जहाजांवर दर वॉचला ग्लास ब्लो करायचे. आता कंपनीच्या सिस्टिममध्ये जो काळ दिला असेल तो पाळा. त्याशिवाय बॉयलर पेटवताना, दुरुस्तीनंतर, दोन ग्लासमध्ये फरक दिसला की, आणि पातळी हलत नसली की, वेळापत्रक न बघता करा. उगाच वारंवार ब्लो केल्याने काच आणि अभ्रक झिजतात, तेही लक्षात असू द्या.

लो लेव्हल अलार्म आणि बर्नर ट्रिपची चाचणी याच वेळी उरकली जाते. फ्लोट चेंबर (पातळी ओळखणारा फ्लोट असतो ते भांडं) सावकाश ड्रेन करून ती होते, सेन्सरची वायर काढून नाही. पोर्ट स्टेट कंट्रोलचा (बंदरात परदेशी जहाजं तपासणाऱ्या यंत्रणेचा) निरीक्षक अनेकदा हीच चाचणी करून दाखवायला सांगतो. चाचणीनंतर चेंबरचे कॉक उघडायला विसरू नका. बंद राहिले तर चेंबरमध्ये पाणी अडकून राहतं आणि ट्रिप कधीच होत नाही.

लॉगमध्ये "ग्लास ब्लो केला, ठीक" एवढंच लिहू नका. कुठला ग्लास, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या का, ब्लो करण्याआधी आणि नंतर पातळी किती, कुठला कॉक गळतो किंवा जड फिरतो, हे लिहा. पुढच्या माणसाला तुलना करता येते.

१०. काच बदलायची वेळ आली तर

हे काम एकट्याने करायचं नाही आणि पहिल्यांदा फिटर किंवा सेकंडबरोबरच करायचं. स्टीम आणि वॉटर कॉक बंद, ड्रेन उघडा, आवाज पूर्ण थांबलाय याची खात्री. टप्पा ४ मध्ये कॉक गळत असल्याची नोंद असेल तर दाबाखाली काच बदलू नका.

नळीच्या काचेची लांबी नेमकी हवी. लांब झाली तर टोक कॉकचं भोक झाकतं. आखूड झाली तर पॅकिंग टोकाखाली सरकून वाट बुजवतं. दोन्ही वेळा नवी कोरी काच पहिल्या दिवसापासून चुकीची पातळी दाखवते. सपाट काचेचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. जुनी गॅस्केट पुन्हा वापरू नका.

मग ड्रेन उघडा ठेवून स्टीम कॉक अगदी किंचित उघडा आणि काच सावकाश तापू द्या. पूर्ण तापली की स्टीम कॉक आणि ड्रेन बंद करा, टप्पा ५ प्रमाणे आधी वॉटर आणि मग स्टीम कॉक उघडा. गरम झाल्यावर गॅस्केट बसतं आणि बोल्ट थोडे सैल होतात, म्हणून पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी ग्लास पुन्हा बंद करून ड्रेन उघडायचा. दाब असताना ग्लासच्या एकाही नटाला पाना लावायचा नाही, मग गळती कितीही बारीक दिसत असली तरी.